ज्योतीची चाल

महाळुंगे पडवळच्या कुंडलिकचा उजवा गुडघा दहा वर्षं दुखत होता, आणि त्या दहा वर्षांत तो एकदाही दुखला नव्हता.

यात कोडं काही नाही. गुडघा ठणठणीत होता. दुखणं दुसरीकडंच होतं, ते कुणाला दाखवता येत नव्हतं, म्हणून बिचाऱ्या गुडघ्यावर आळ घेतला होता. शिवजयंती महिन्यावर आली की कुंडलिक लंगडायला लागायचा आणि जयंती उरकली की आठवड्याभरात त्याची चाल सुधारायची. बायको वैजयंती दरवर्षी निर्गुडीचा पाला तेलात उकळून त्या गुडघ्याला चोळायची. कुंडलिक डोळे मिटून पडून राहायचा आणि मधूनच "आं" करायचा. ते "आं" नेमकं कुठं करायचं हे त्याला कधी जमलं नाही. कधी डावीकडं दाबलं की व्हायचं, कधी उजवीकडं. पण वैजयंतीचा नवऱ्याच्या गुडघ्यापेक्षा स्वतःच्या तेलावर जास्त विश्वास, त्यामुळं निभावून गेलं.

हे सगळं झालं ते एका ज्योतीपायी.

शिवजयंतीला जुन्नर-आंबेगावच्या गावांतली पोरं टेम्पो करून शिवनेरीवर जातात, शिवाई देवीपुढच्या दिव्यावर मशाल पेटवतात आणि अनवाणी पळत ती आपापल्या गावी आणतात. एकानं किलोमीटर-दोन किलोमीटर पळायचं, मशाल दुसऱ्याच्या हाती द्यायची आणि मागच्या टेम्पोत चढायचं. महाळुंग्याला गडापासून तीसेक किलोमीटर पडतात. टेम्पोत तेलाचा डबा, चिंध्यांचं गाठोडं, केळ्यांचे घड आणि ज्योतीचं सगळं बघणाऱ्या गेणभाऊंच्या मांडीवर एक कंदील. तो कंदील गडावरच, त्याच ज्योतीवर लावून घेतलेला असायचा. वाटेत मशाल विझलीच, तर जिथं असाल तिथं थांबायचं, मशाल उभी धरायची आणि गेणभाऊंनी येऊन कंदिलावरून ती पुन्हा पेटवायची, असा नियम होता. काडी ओढायची नाही. काडीनं लावलेला तो नुसता जाळ, ज्योत नव्हे, असं गेणभाऊ सांगायचे, आणि सांगताना त्यांच्या आवाजात अशी काही जरब असायची की विडी ओढणारी पोरंसुद्धा त्या दिवशी काडीपेटी घरी ठेवून यायची.

कुंडलिकला पळायला शिकवलं ते गेणभाऊंनीच. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, अंगात रग होती, आणि मशाल हातात आली की सुसाट सुटायचा. गेणभाऊंनी त्याला पहिल्याच वर्षी टेम्पोतून हाका मारून थांबवलं.

"ज्योतीकडं बघून पळ," ते म्हणाले. "ती वीतभर मागं झुकली पायजे. सरळ उभी ऱ्हायली तर तू चालतोयस. आडवी पडली तर तू पळत न्हाईस, मिरवतोयस. आणि आडवी पडल्याली ज्योत इझती."

"वारा समोरनं आला तर?"

"मग वाऱ्याचं वजा कर. तेवढी अक्कल देवानं दिलीया का न्हाई?"

ती अक्कल कुंडलिकला होती. पंधरा वर्षं तो वीतभर झुकलेल्या ज्योतीच्या चालीनं पळला. चढ असो, उतार असो, गावातल्या बाया बघायला उभ्या असोत, त्याची चाल हलायची नाही. इतर पोरं दीड किलोमीटरला धापा टाकायची, हा पाच-पाच किलोमीटर पळून वर दुसऱ्याचा वाटा मागून घ्यायचा. फक्त शेवटचा टप्पा त्याला कधी मिळाला नव्हता. फाट्यापासून देवळापर्यंतचा तो टप्पा मानाचा. तिथं हलगी वाजते, बाया औक्षणाची ताटं घेऊन उभ्या असतात आणि पोहोचणाऱ्याला शाल-नारळ मिळतो. तो टप्पा कुणाला द्यायचा हे गेणभाऊ ठरवायचे.

सत्त्याण्णव साली त्यांनी तो कुंडलिकला दिला.

फाट्यावरून गावाकडं वळताना उसानं भरलेली ट्रॉली आडवी आली आणि टेम्पो मागं अडकला. कुंडलिक थांबला नाही. पुढं गावातली हलगी ऐकू यायला लागली होती. वैजयंती ताट घेऊन उभी असणार, शाळेत जाणारी प्राची मैत्रिणींना "ते बघा आमचे अप्पा" म्हणून दाखवणार, हे त्याच्या डोळ्यांपुढं यायला लागलं, आणि त्याचे पाय सुटले. ओढ्याजवळच्या वळणावर मशाल विझली.

रस्त्यावर कुणी नव्हतं. नियम त्याला पाठ होता. पण थांबलं, तर थोड्याच वेळात गावातून सायकलींवर सामोऱ्या येणाऱ्या पोरांना त्याच्या हातात विझलेलं फडकं दिसणार. पंधरा वर्षांत ज्याची ज्योत कधी विझली नाही, त्याची मानाच्या टप्प्यावर विझली, हे गावभर होणार. रस्त्याकडेला त्याच्या चुलत्याच्या विहिरीवरची मोटारीची खोली होती. तिथल्या कोनाड्यात उदबत्तीसाठी काडीपेटी असते हे त्याला ठाऊक होतं. तो आत शिरला. पहिल्या दोन काड्या वाऱ्यानं गेल्या, तिसरी लागली.

मग तो गावात आला. हलगी कडकडली, फटाके उडाले, वैजयंतीनं ओवाळलं. गेणभाऊ टेम्पोतून उतरून लगबगीनं आले आणि त्यांनी त्याला मिठी मारली. त्या मिठीत कुंडलिकच्या शर्टाच्या खिशातली काडीपेटी खुळखुळली. गडबडीत ती त्यानं खिशातच टाकली होती. पण गेणभाऊ काही बोलले नाहीत. त्यांनी त्याच्या हातातली मशाल घेतली, दुसऱ्या हातात आपला कंदील होताच, आणि ते एकटेच मारुतीच्या गाभाऱ्यात समई लावायला गेले. बाहेर लोक घोषणा देत राहिले. कुंडलिकला शाल पांघरली, नारळ दिला. तो नारळ त्यानं घरात फोडू दिला नाही. रात्रीचा विहिरीत टाकला आणि वैजयंतीला सांगितलं की नासका निघाला.

पुढच्या संक्रांतीला गेणभाऊंनी विचारलं, "औंदा ज्योत घेतोस ना कुंडलिक?"

"गुडघा, गेणभाऊ," कुंडलिक म्हणाला. तो गुडघा असा सुरू झाला.

दिवस तसे चांगले होते. कालव्याचं पाणी होतं, बटाटा-कांदा निघत होता, प्राची इंजिनिअर झाली, पुण्यात कंपनीत लागली. कुंडलिकचं काही अडलं नव्हतं. फक्त मारुतीपुढच्या समईला हात जोडताना त्याची मान खाली जायची, आणि गेणभाऊ समोरून आले की तो गुडघा चोळायचा. गाव समजायचं की बिचाऱ्याला फार त्रास आहे.

दोन हजार सात साली प्राची कंपनीच्या कामासाठी सहा महिने अमेरिकेला गेली आणि पळायचा नाद घेऊन परत आली. येताना वडलांसाठी तिनं एक घड्याळ आणलं. मनगटावर काडीपेटी बांधावी एवढं ते जाडजूड होतं. कुंडलिकला ते पाहताच कसंतरी झालं, पण त्यानं ते बांधलं.

"अप्पा, हे आकाशातल्या उपग्रहांशी बोलतं," प्राची म्हणाली. "तुम्ही किती पळालात, एका किलोमीटरला किती वेळ लागला, आत्ता कोणत्या वेगानं चाललाय, सगळं सांगतं. डिसेंबरात पुण्यात मॅरेथॉन आहे. मी अर्धी पळणार. पूर्णला मी तुमचं नाव घातलंय. बेचाळीस किलोमीटर. पाच तासांच्या आत यायचं."

"माझा गुडघा..."

"डॉक्टरला दाखवू."

मंचरला फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला, उलटा धरला, मग कुंडलिककडं बघून म्हणाले, "पंचविशीतल्या पोराचा गुडघा आहे हा. काय करता काय तुम्ही याला?"

कुंडलिकला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. पण सोबत आलेली वैजयंती पुढं सरली. "निर्गुडीचं तेल," ती म्हणाली. "धा वर्सं चोळतीया मी." त्या संध्याकाळपासून तिचं नाव पंचक्रोशीत झालं. शेजारची लंकाबाई आली, तिची जाऊ आली, पार लोणीहून कुणाची तरी मावशी बाटली घेऊन आली. दारात गुडघे धरून बसलेल्या बाया बघून कुंडलिक मागच्या दारानं शेतात निघून जायचा.

पळायचं त्यानं कबूल केलं, ते प्राचीच्या आग्रहानं नव्हे. त्याच्या मनात एक वेगळंच ठरलं होतं. मॅरेथॉनलाही शेवटी गर्दी असते, वाजंत्री असते, आपली माणसं उभी असतात, असं प्राचीनं सांगितलं होतं. म्हणजे ओढ्याच्या वळणानंतरचा तो टप्पा पुन्हा येणार. तेव्हा आपण चाल मोडली. या वेळी शेवटच्या पावलापर्यंत ती राखता आली, तर गेणभाऊंकडं जायचं आणि सगळं सांगून टाकायचं. नाही राखता आली, तर कोणत्या तोंडानं जायचं? गेणभाऊ ब्याऐंशीचे झाले होते. फार वर्षं हातात नव्हती.

घड्याळाशी सूत जुळायला वेळ लागला. आधी अंगणात उभं राहून उपग्रह सापडायची वाट बघायची. आंब्याखाली उभं राहिलं की ते सापडायचे नाहीत, म्हणून उघड्यावर जायचं, हात वर करायचा आणि ताटकळायचं. वैजयंती दारातून म्हणायची, "आलं का वरनं बोलावणं?" त्यातून ते अमेरिकेचं, मैलात बोलणारं. पहिले चार दिवस आकडे बघून कुंडलिक खचला, की आपण म्हातारे झालो. मग प्राचीनं फोनवर एकेक बटण सांगून त्याला किलोमीटरवर आणलं.

तरी आकड्यांचा त्याला अंदाज येईना. दर मिनिटाला मनगट बघायचा, बघितलं की बिघडायचा. आकडा मोठा दिसला की जोरात सुटायचा, लहान झाला की रेंगाळायचा, आणि घरी येईपर्यंत दमून जायचा. शेवटी एका सकाळी त्यानं अडगळीतून जुनी मशाल काढली, चिंध्या गुंडाळल्या, तेल ओतलं आणि कालव्याच्या कडेनं मशाल घेऊन, घड्याळ बांधून निघाला. दहा वर्षांनी ज्योत हातात होती. वारा पडलेला होता. त्यानं मनगटाकडं बघितलंच नाही, ज्योतीकडं बघितलं. ती वीतभर मागं झुकली, की तेवढीच ठेवायची. पहिल्या किलोमीटरला घड्याळ टुंईं करून वाजलं. सहा मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद. दुसऱ्याला सहा सत्तेचाळीस. तिसऱ्याला सहा अठ्ठेचाळीस.

कुंडलिक तिथंच कालव्याच्या भिंतीवर बसला. गेणभाऊंनी शिकवलेली चाल आकाशातल्या यंत्राला सेकंदापर्यंत पटली होती. त्याला इतका आनंद झाला की भेंडी तोडायला आलेल्या लंकाबाईला त्यानं घड्याळ दाखवलं. लंकाबाईनं घड्याळाकडं बघितलं, दिवसाउजेडी पेटलेल्या मशालीकडं बघितलं आणि वैजयंतीला जाऊन सांगितलं, "अगं, गुडघा बरा झाला पण बाकीचं बघ काईतरी."

त्या आकड्यानं गेलं तर चार तास सत्तेचाळीस मिनिटांत बेचाळीस किलोमीटर होतात, असा प्राचीनं हिशोब काढून दिला. किलोमीटरला सहा चाळीसपेक्षा कमी लागले, म्हणजे वेग वाढला, की घड्याळ ओरडेल, अशी सोयही तिनं करून ठेवली. मग तीन महिने कुंडलिक कालव्यावर पळाला. मशाल दर वेळी न्यावी लागली नाही. उजवा हात जरा वर धरला की त्याला ती दिसायची.

डिसेंबरातल्या त्या रविवारी पुण्यात कडाक्याची थंडी होती. छातीवर नंबर, पायात प्राचीनं घेतलेले बूट. बंदुकीचा बार झाला आणि आजूबाजूची सगळी माणसं कुणी मागं लागल्यासारखी पळत सुटली. कुंडलिक मागं पडला. कासोटा घातलेली एक आजी त्याला टाकून पुढं गेली. पोटावर देवाचा फोटो बांधलेला एक गृहस्थ गेला. गावाकडच्या कुणी बघितलं असतं तर हसला असता. एकदा त्याचे पाय वळवळले, तेव्हा घड्याळ ओरडलं आणि त्यानं मुकाट ऐकलं.

दहाव्या किलोमीटरला त्यानं फोटोवाल्याला गाठलं. विसाव्याला ती आजी लिंबू चोखत बसली होती, तिला त्यानं हात जोडले. पंचवीस, सत्तावीस. प्रत्येक टुंईंला आकडा तोच, पाच-सात सेकंद इकडं तिकडं. एका उड्डाणपुलाखाली घड्याळ मुकं झालं, उपग्रह हरवले. कुंडलिकनं हात वर धरला आणि ज्योत बघत पुलाखालचं अंतर कापलं. पलीकडं निघाल्यावर घड्याळाला पुन्हा वाचा फुटली आणि सहा एकोणपन्नास दिसले. तो एकटाच मोठ्यांदा हसला.

तिसाव्या किलोमीटरनंतर मात्र हसू गेलं. मांड्या दगडाच्या झाल्या. छत्तिसाव्याला वाटलं, कशाला आलो, घरी कांदा काढायचा पडलाय. लोक रस्त्याकडेला बसत होते, कुणी ओकत होतं. कुंडलिकनं काहीच ठरवलं नाही, फक्त पुढच्या टुंईंची वाट बघितली. एक वाजलं की दुसऱ्याची. असं करत चाळीस आले, एक्केचाळीस आले, आणि कानावर ढोल-ताशा पडला.

शेवटचा किलोमीटर. दोन्ही बाजूंना बांबू बांधून अडवलेली गर्दी. अर्धी शर्यत केव्हाच संपवून गळ्यात पदक घातलेली प्राची तिथं उभी होती, ती बांबूच्या आतून त्याच्या बरोबरीनं चालू लागली. आणि तिच्या पलीकडं महाळुंग्याची दोन जीपभर माणसं. मधोमध वैजयंती, नवी साडी, हातात औक्षणाचं ताट. ते कुठून आणि कसं आत आणलं हे तिचं तिला माहीत.

"पळ कुंडलिक! पळ राव!" माणसं ओरडायला लागली. "आता कशाला राखतो? सोड गाडी!"

ढोल अंगात शिरला. मेल्यासारखे झालेले पाय जिवंत झाले. उजवा हात आपोआप वर गेला. वैजयंती बघत होती, प्राची बघत होती. कुंडलिकचे पाय सुटले.

घड्याळ ओरडायला लागलं. थांबेचना. त्यानं खाली बघितलं. पाच पन्नास.

आणि त्या क्षणी त्याला ओढ्याचं वळण लख्ख दिसलं. दहा वर्षं तो स्वतःला सांगत आला होता की झुळूक आली आणि मशाल अचानक विझली. तसं नव्हतं. ज्योत आडवी पडलेली त्याला दिसली होती. चांगली दिसली होती. दिसूनही तो थांबला नव्हता, कारण पुढं हलगी वाजत होती. काडी ओढली ते पाप नंतरचं. आधीचं हे होतं, आणि ते त्यानं मनातसुद्धा कबूल केलं नव्हतं.

कुंडलिकनं पाय आवरले. सहा वीस, सहा पस्तीस, सहा पंचेचाळीस. घड्याळ गप्प झालं. कानांत ढोल वाजत होता आणि तो कालव्यावर पळावं तसा पळत राहिला. दोन पोरं त्याला टाकून पुढं गेली. "काय राव, शेवटाला तरी पळायचं!" असं कुणीतरी हळहळून म्हणालं. त्यानं तिकडं बघितलं नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा हसरा होता. तो रेघ ओलांडून गेला, तरी थांबायचं भान त्याला राहिलं नाही. प्राचीनं पळत येऊन धरलं तेव्हा तो थांबला.

चार तास सत्तेचाळीस मिनिटं, काही सेकंद. जीपमध्ये प्राचीनं घड्याळातले सगळे आकडे एकेक करून बघितले. "अप्पा, इतके सारखे आकडे मी कुणाचेच बघितले नाहीत," ती म्हणाली. "शेवटच्यात तुम्ही जरा सुटला होतात, पण परत धरलंत."

"परत धरलं ना?" कुंडलिकनं विचारलं.

"धरलंत की."

"मग झालं," तो म्हणाला आणि नारायणगावचा रस्ता लागायच्या आधीच झोपून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांड्या धरून धरून तो गेणभाऊंच्या ओट्यावर गेला. गेणभाऊ उन्हाला बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होते. कुंडलिक त्यांच्यासमोर खाली बसला. आडवळण न घेता त्यानं सगळं सांगितलं. वळण, आडवी पडलेली ज्योत, मोटारीची खोली, तिसरी काडी, गुडघा.

गेणभाऊंचे हात शेंगांवर चालतच होते. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "धा वर्सं लावलीस राव."

"तुमाला ठावं व्हतं?"

"मिठी मारली तवा खिशात काडीपेटी वाजली. तू काय इडी वढत न्हाईस."

"मग बोलला का न्हाई?"

"काय बोलू? समई म्या कंदिलावर लावली. तुझी मशाल तशीच कोपऱ्यात इझवून ठिवली. देवाला त्याची ज्योत पोचली, गावाला पोचली. ऱ्हायला तू एकटा. ते तुझं तूच सांगाया पायजे व्हतं. दर संक्रांतीला इचारत व्हतो, तर तू गुडघा फुडं करायचास."

दहा वर्षं ज्या समईपुढं त्यानं मान वर केली नव्हती, ती खरी होती. पहिल्या दिवसापासून खरी होती. तो लहान पोरासारखा रडला, आणि गेणभाऊंनी त्याला रडू दिलं. शेंगा संपल्यावर त्यांनी टोपली बाजूला सारली.

नाक पुसून कुंडलिक म्हणाला, "औंदा शेवटचा टप्पा मला द्या, गेणभाऊ. चाल मोडणार न्हाई."

"न्हाई," गेणभाऊ म्हणाले.

बरोबरच होतं, कुंडलिकला वाटलं. गेणभाऊ काठी टेकत घरात गेले. बऱ्याच वेळानं परत आले, ते हातात कंदील घेऊन. काच काजळलेली होती, कडीला जुनं फडकं गुंडाळलेलं होतं. तो त्यांनी कुंडलिकच्या पुढ्यात ठेवला.

"मशाल कुणीबी पळवंल. पोरं लई हायेत. ह्यो कुणाला द्यावा ह्याचाच इचार करत व्हतो मी. आता माज्यानं टेम्पोत बसवत न्हाई. ज्याची कदी इझलीच न्हाई त्याला द्यून काय उपेग? त्यो पोराची इझली की वरडंल नुसता. मग पोरं काड्या वढतील." त्यांनी दम घेतला. "कंदीलवाल्याला शाल न्हाई, नारळ न्हाई. चालंल?"

"चालंल," कुंडलिक म्हणाला.

भर दुपारी कंदील हातात घेऊन आलेला नवरा बघून वैजयंती म्हणाली, "आज तर लाइट हाये. ह्यो कुणाचा आणला?"

कुंडलिकनं तिलाही बसवून सगळं सांगितलं. ज्योतीचं ऐकताना तिचे डोळे भरून आले, तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग एकदम तो हात थांबला.

"म्हंजी गुडघा?"

"न्हाई."

"कदीच दुखला न्हाई?"

"कदीच न्हाई."

"धा वर्सं पाला उकळला म्या! धा वर्सं!" वैजयंती उठून उभी राहिली. तिचं तोंड लाल झालं होतं. पण तेवढ्यात बाहेरून लंकाबाईची हाक आली, तेल संपलं म्हणून ती बाटली घेऊन आली होती आणि आता जिनासुद्धा चढता येतो म्हणून अंगणातूनच सांगत होती. वैजयंतीनं दाराकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"गेणभाऊंना सांगितलं ते सांगितलं. आता गुडघ्याचं बाहेर कुठं बोलू नका," ती म्हणाली. "तिचा खरंच बरा झालाय."

चुलीतली मूठभर राख वाटीत घालून तिनं त्याच्यापुढं आपटली आणि ती तेलाची बाटली भरायला गेली. कुंडलिकनं मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं, कंदिलाची काच अलगद सोडवली आणि राखेनं ती घासायला बसला.